उंबरझिऱ्याचे तीनशे बारा कोपरे

॥ श्री ॥

मु. पो. उंबरझिरे बुद्रुक
(निदान हे लिहीपर्यंत तरी),
ता. साक्री, जि. धुळे.
गुरुवार, श्रावण वद्य पंचमी

चिरंजीव प्रेमराज यास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वरचं 'श्री' मुद्दाम ठळक काढलं आहे, ते आधी डोळे भरून पाहून घे. मग कागदाचे कोपरे मोज. चार भरतील. भरले की पुढे वाच.

इकडील सर्व कुशल आहे, तिकडील कुशल कळवीत जावे, असं लिहायची आपल्यात पद्धत आहे आणि आजवर हे वाक्य मी कधीही विचार करून लिहिलेलं नाही. या खेपेला मात्र त्यातला पहिला भाग मी शपथेवर लिहितो आहे. मी जिवंत आहे. तुझी वहिनी जिवंत आहे (आत भांडी आपटते आहे, म्हणजे उत्तम आहे). कौतिकआबा जिवंत आहेत. गावातला एकूण एक माणूस जिवंत आहे. तुझा गुडघा, सौ. सुलक्षणाची थायरॉईडची गोळी आणि चि. भूमिकाची पुण्याची नोकरी ही तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो.

या सोमवारी तू फोन केलास. मी 'हॅलो' म्हटल्यावर तू विचारलंस, "कोण, दादा? तूच बोलतोयस का?" मी हो म्हटलं. तू म्हणालास, "मग ठीक आहे," आणि फोन ठेवलास. इतक्या थोड्या शब्दांत माझ्या आयुष्याचा निकाल आजवर कुणी लावला नव्हता. मला राग आला नाही. पण एवढ्या संभाषणातून तुला काहीच कळलं नसणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आपल्या गावात काय काय आहे हे तुला ठाऊक आहे. पण धुळ्याला देवपुरात वीस वर्षं काढली की माणूस विसरतो, म्हणून पुन्हा सांगतो. काही नाही. नदीपलीकडच्या उंबरझिरे खुर्दला पेट्रोलपंप आहे, मोबाईलचे दोन टॉवर आहेत, एटीएम आहे (ते चालत नाही, पण आत गार वारा येतो, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे भजनी मंडळ बसतं). वस्ती आपल्या दुप्पट. नावानं खुर्द, अंगानं बुद्रुक. पण पोस्ट आपल्याकडे! त्यामुळे त्यांच्या सरपंचापासून ते पंपावर हवा भरणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला पत्ता लिहिताना 'मु. उंबरझिरे खुर्द, पो. उंबरझिरे बुद्रुक' असं लिहावं लागतं. आधार कार्डावर आपण, लग्नपत्रिकेवर आपण, त्यांच्या पोराच्या पोलीस भरतीच्या अर्जावरही आपणच. तिकडची पत्रिका आली की आपली माणसं वधूवरांची नावं सोडून थेट पत्ता वाचतात आणि समाधानानं घडी घालतात. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर 'मु.' हा देह आणि 'पो.' हा आत्मा. देह काय, कुत्र्यामांजरालाही मिळतो. खुर्दवाल्यांचा आत्मा गेली साठ वर्षं आपल्याकडे ठेवलेला आहे, आणि ही गोष्ट त्यांना रात्रंदिवस डाचते.

आता हे पोस्ट म्हणजे कोण, तर शेवंताअक्का. बावीस वर्षं ती आपली शाखा पोस्टमास्तर आहे. तिच्या घराचा पुढचा अर्धा खण पोस्टाचा, मागचा म्हशीचा. मध्ये पोत्याचा पडदा. शिक्का मारतानाचा ठप्प आणि पलीकडचा फुर्र असे दोन आवाज आले की ऑफिस उघडं आहे असं समजायचं. तिचं सासर खुर्दचं, हे तुझ्या लक्षात असेल. तिथून ती एक पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन, नवऱ्याला भर पंपासमोर (तेव्हा पंप नव्हता, जागा होती) दोन शिव्या हासडून नदी ओलांडून माहेरी आली, आणि त्यानंतर तिनं त्या काठावर पाय ठेवलेला नाही. त्यांच्या नावचं टपालसुद्धा ती पुलाच्या मधोमध उभी राहून वाटते. खुर्दच्या माणसांनी पुलावर येऊन घेऊन जायचं. आणि नियमाला अशी कडक, की कुणाचं उघडं कार्ड हाती आलं तरी पत्त्याची बाजू तेवढी वर धरायची. मजकुराकडे बघायचं नाही, त्याबद्दल बोलायचं तर मुळीच नाही.

तर जुलै अखेरीस वरून एक कागद आला. हिंदीत होता. हिंदी ही संस्कृतची नात आणि मी शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेला, म्हणून असे कागद माझ्याकडे आणायची गावात रीत आहे (वीजबिलही आणतात, त्याची वंशावळ मला सांगता येत नाही). मी पारावर उभा राहून मोठ्यानं वाचला आणि भाष्य केलं. सारांश असा, की या शाखेतून टपाल फार कमी जातं, इमारतही योग्य नाही, तरी शाखा खुर्दला हलवण्याचा विचार आहे. पंधरा दिवसांत निरीक्षक पाहणीला येतील. पान संपलं तिथे पूर्णविराम होता. मी थांबलो. शेवंताअक्का पाराच्या कडेला उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पोस्ट तथं गयं तं मी नही जावाव. तथं म्हन्हा पाय पडाव नही." आणि शिक्के मारायला निघून गेली.

मग सगळे एकदम बोलायला लागले. कौतिकआबा म्हणाले, "आते आपला पत्ता काय लिखाना? 'पो. खुर्द'? त्यापेक्षा मी पत्ताच नही लिखाव!" (आबांना शेवटचं पत्र एकोणीसशे नव्वद साली आलं होतं, पण हा तत्त्वाचा प्रश्न.) आमचा उपसरपंच नवल, वय एकतीस, हा तडफदार माणूस आहे. त्यानं तिथल्या तिथे मार्ग काढला. टपाल कमी जातं ना? मग टपाल पाठवू! गावात एकशे चार उंबरे. दर उंबऱ्यामागे तीन कार्डं. झाली तीनशे बारा. दुसऱ्याच दिवशी धुळ्याला जाऊन तो कार्डांचे गठ्ठे घेऊन आला. मजकूर अर्थात माझ्याकडे. मी पहिल्यांदा जो मसुदा केला त्यात 'भवदीय कृपाभिलाषी' असं होतं. ते वाचून आबांनी विचारलं, "ही कोनती बिमारी शे?" तेव्हा सोपा केला: 'आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत. आपली फार आठवण येते. सवडीने येऊन भेटावे.' या तीन ओळी एकशे चार घरांनी तीनतीनदा उतरवल्या. तीस वर्षं शाळेत मी नक्कल पकडत आलो आणि या वयात गावाला नक्कल पुरवली.

सगळं सुरळीत होतं. पण मागच्या बुधवारी सकाळी बातमी आली की खुर्दवालेही कार्डं लिहायला बसलेत. त्यांची पेटी ती आपलीच पेटी. म्हणजे उद्या निरीक्षकांनी पेटी उघडली तर कोणतं टपाल कुणाचं हे कळणार कसं? ते म्हणतील, बघा, आमच्याकडूनच एवढं टपाल जातं, द्या आम्हाला पोस्ट. नवलनं विचार केला (हा त्याचा दोष नाही, सवय नाही एवढंच) आणि घरून कापड कापायची कात्री आणली. पेटीपाशी खुर्ची टाकून बसला. जो येईल त्याच्या हातातलं कार्ड घ्यायचं, वरचा डावा कोपरा कचकन कापायचा आणि आत टाकायचं. बुद्रुकची खूण! तीनशे बारा कोपरे त्यानं पिशवीत भरून ठेवले, हिशेबाला पुरावा म्हणून.

तुझी मान डोलायला लागली असेल. तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तरी तुला ठाऊक आहे की आपल्या मुलखात कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय. मयताची बातमी. ते घरात घ्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचून तिथेच फाडायचं. पण नवलच्या पिढीला माणूस गेल्याचं व्हॉट्सॲपवर कळतं. त्याला कोपऱ्याचं काय सोयरसुतक? बाकीच्या गावाला होतं, हे खरं. पण प्रत्येकाला वाटलं की आपलंच कार्ड तेवढं चुकून कापलं गेलं. आणि मी? खोटं कशाला सांगू, माझ्या कार्डाचा कोपरा खाली पडताना मी पाहिला. त्या वेळी मी रांगेतल्या लोकांना टपालव्यवस्था मौर्यांच्या काळी कशी होती ते सांगत होतो. वाक्य अर्धं सोडवेना. वाक्य संपलं तोवर कार्ड पेटीत गेलं होतं.

शेवंताअक्कानं मात्र सगळं पाहिलं होतं. पेटी उघडली, तीनशे बारा मयती समोर आल्या, आणि तिनं एकेक करून सगळ्यांवर शिक्का मारला. नंतर मी तिला विचारलं, अगं, तू तरी बोलायचंस! ती म्हणाली, "गुरुजी, पेटीमा पडनं ते ज्यान्हा नावन्हं त्यान्हं. मी कोन ईचारणारी, कोन मरनं, कोन नही?"

कार्डं शुक्रवारी, शनिवारी, पोचायची तिथे पोचली. पिंपळनेरला, सोनगीरला, शिरपूरला, तिकडे रावेरला केळीवाल्या व्याह्यांकडे. आता तू म्हणशील, लोकांनी मजकूर का नाही वाचला? न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करतात. धुराशी बोलत बसत नाहीत. कोपरा दिसला, बाईनं हंबरडा फोडला, कार्डाचे तुकडे झाले. ज्यांनी वाचलं त्यांचं दुःख अधिकच. सोनगीरच्या जीवरामनं वाचलं, 'आम्ही सर्व सुखरूप आहोत', आणि तो म्हणाला, सगळे सुखरूप आहेत, म्हणजे ज्याच्या नावानं कार्ड आलंय तोच गेला. बरं, फोन करून विचारावं, तर तुझ्यासारखा धीट माणूस मुलखात दुसरा कुणी नाही. "कोण मेलं?" असं फोनवर विचारतात का? आणि मोबाईलच्या दिवसात कार्ड येतं, म्हणजे फोनवर सांगायचा धीर झाला नाही, इतकं मोठं काहीतरी घडलं असणार. तेव्हा न विचारता सगळे निघाले, सोमवारी, आमच्या दारावर, म्हणजे दुखवट्याला.

सकाळी नऊला पिंपळनेरहून पहिली क्रूझर आली. वेशीपाशीच बायका उतरल्या आणि पदर तोंडावर घेऊन त्यांनी रीतसर हेल काढला. त्यात पुढे होती ताईबाई, कौतिकआबांची धाकटी बहीण, वय सत्तरीच्या पुढे. आबा पारावर बसून सुपारी कातरत होते. बहीण रडत येतेय म्हटल्यावर त्यांनी सुपारी टाकली, टोपी काढली, आणि तेही मोठ्यानं रडायला लागले. दोघं गळ्यात गळे घालून चांगली पाच मिनिटं रडली. मग आबांनी विचारलं,

"कोन गयं वं ताई?"

"तू गया रे भाऊ!"

"मी?" आबा चकित झाले. "माले ते कोनीच सांगं नही!"

ताईबाईनं डोळे पुसून त्यांना नीट पाहिलं, आणि मग जी सुरुवात केली ती रडण्याहून मोठ्या आवाजात. "मुडद्या, जित्ता शे तं कार्ड कसाले धाडं? मी तिकडे चुल्हा पेटाडा नही, तीन भाड्यान्या गाड्या बदलीसन उनू!" (तीन नव्हे, एकच, पण त्या वेळी मोजणी करण्यात अर्थ नव्हता.)

त्यानंतर दुपारपर्यंत गाड्या येतच राहिल्या. रावेरचे नवलचे सासरे केळीची पिकअप तशीच भरलेली घेऊन आले. जावई गेला म्हणून केळी उतरवायला वेळ मिळाला नव्हता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून प्रत्येक गाडीतून भाकरी आणि पिठल्याची पातेली उतरत होती. घरोघरी एकच दृश्य: दारात रडणारा पाहुणा, दारात उभा असलेला मयत, आणि दोघांनाही पुढे काय करायचं ते ठाऊक नाही. गरुडपुराणात यावर एक ओळ नाही, मी पाहिलं. शेवटी कुणीतरी म्हणालं की मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. लोकांना ते पटलं. पातेली उघडली. जेवायला बसल्यावर मात्र जुने मानपान निघाले: माझ्यासाठी एवढंच रडलास का, भाचा का नाही आला, तो आला असता तर बरं झालं असतं. तीन घरांत मयतांनी पाहुण्यांशी अबोला धरला. माझ्या दारात कोण आलं हे विचारू नकोस. शाळेचा शिपाई पुना आला. तो गावातच राहतो, आणि मी आदल्या दिवशी त्याच्याबरोबर चहा प्यालो होतो. पण रडला मनापासून.

आणि या सगळ्यात, बरोबर साडेअकराला, मोटारसायकलवरून निरीक्षक आले. तरुण माणूस. वेशीवर एवढा आकांत पाहून त्यांनी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, आणि मान खाली घालून वीस मिनिटं उभे राहिले. मग हळूच नवलला विचारलं, "कोण गेलं?"

नवल म्हणाला, "साहेब, अजून नक्की नाही."

पुढे मी गेलो आणि सगळं खरं सांगितलं. (खोटं सुचेना. संस्कृतात थाप मारायला वेळ लागतो.) निरीक्षकांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. एकदा मात्र पाठ फिरवून बराच वेळ खोकले. मग शेवंताअक्काकडे गेले. बाहेर तीनशे माणसं रडताहेत, जेवताहेत, भांडताहेत, आणि आत ती पोत्याच्या पडद्यापुढे बसून रोजचं टपाल लावते आहे. "या साहेब, बठा," एवढंच म्हणाली. त्यांनी दप्तर तपासलं. बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. तेवढ्यात पडद्याखालून म्हशीनं तोंड काढून त्यांच्या फायलीचा वास घेतला.

बाहेर येऊन ते मला म्हणाले, "गुरुजी, सहा वर्षं या खात्यात आहे, पण आमचं एक कार्ड वाचून माणूस रावेरहून निघाल्याचं पहिल्यांदा पाहिलं. बाई तर लाखात एक आहेत. पण टपालाचा आकडा आता मुद्दाच नाही हो. दुसऱ्या पानावर काय अट होती ती वाचलीत ना?"

मी म्हटलं, दुसरं पान?

पहिल्याच्या मागे टाचणीनं लावलेलं होतं. त्यात सरळ लिहिलं होतं की शाखा आहे तिथेच राहू शकते, फक्त स्वतंत्र खोली हवी: रस्त्यालगत, पक्की, खिडकीची, कुलूपबंद होणारी. जनावराविना. खुर्दच्या सरपंचानं फरशीची खोली देऊ केली आहे. आपल्याला महिनाअखेरपर्यंत मुदत. तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की प्रश्नपत्रिका उलटून पाहा. असो.

नवलनं त्याच संध्याकाळी खोलीसाठी गाव पालथं घातलं. रस्त्यालगत आहे तिथे खिडकी नाही, खिडकी आहे तिथे शेळ्या आहेत, आणि जिथे दोन्ही आहे तिथे दोन सुना आहेत. काल टपाल वाटून परत येताना शेवंताअक्का पुलावर बराच वेळ उभी होती, आपल्या बाजूला तोंड करून. बावीस वर्षांत मी तिला कुठेही बिनकामाचं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

बाकी विशेष नाही. सौ. सुलक्षणास आशीर्वाद. गुडघ्याला तीळतेल लाव. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा दादा,
योगराज

ता. क. – रस्त्यालगत, पक्की, खिडकीची, कुलूपबंद आणि शेळ्या, सुना दोन्ही नसलेली अशी एक खोली आहे, हे लिहायचं राहिलं. ती तुझ्या स्लॅबच्या घराची पुढची खोली. दर दिवाळीला तू ती उघडतोस, 'कोंदट वास येतो' म्हणतोस आणि लावून धुळ्याला परत जातोस. रोज उघडझाप झाली तर वास जाईल, असं तुझ्या वहिनीचं मत आहे. तेव्हा किल्ली पाठवावी.

ता. क. २ – सोबत संमतीपत्र जोडलं आहे. फुली केली आहे तिथे सही कर. निरीक्षक म्हणतात, घरमालकाचा कागद महिनाअखेरच्या आत हवा, नाहीतर त्यांच्या हातात काही नाही. पोस्ट खुर्दला जाईल आणि अक्का घरी बसेल. कागद पोस्टानंच पाठव. नवलच्या हातात पडेल अशा रीतीनं कृपा करून पाठवू नकोस.

ता. क. ३ – किल्ली राहू दे. कुलूप मंगळवारीच पहारीनं काढलं. तुझा सोफा आतल्या खोलीत उभा करून ठेवला आहे, सुलक्षणाच्या शोकेसमध्ये शिक्के आणि वजनकाटा छान मावला, आणि लाल पेटी तुझ्या भिंतीला सहा खिळ्यांनी पक्की बसली आहे (प्लॅस्टर थोडं आलं). काल निरीक्षक येऊन पाहून गेले. त्यांना खोली फार आवडली, आता तुझी सही तेवढी अडली आहे. ती करून सावकाश इकडे या, चार दिवस राहा, घर तुमचंच आहे. फक्त दहा ते दोनच्या आत या. दोन वाजले की अक्का कुलूप लावते, आणि किल्ली ती परक्या माणसाच्या हातात देत नाही.